अपुऱ्या गोधड्यांचे दफ्तर

१/ पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले आहेत. बांधणीच्या त्या कापडावरून गठ्ठ्यालाच 'रुमाल' हे नाव पडले. कागद आत आणि कापड बाहेर, ही दफ्तरखान्याची जुनी रीत. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या वस्त्रसंग्रहातही असेच एक दफ्तर आहे. मात्र ते कोणा कारकुनाने बांधलेले नाही. १८३०च्या दशकात शिवायला घेतलेले आणि अपुरेच राहिलेले रंगीत षटकोनांचे ते जोडकाम आहे. ते उलटे केले की षटकोनांच्या मागे कागदाचे कपटे दिसतात आणि कपट्यांवर शब्द दिसतात: साखर, रम, पिंपे, वेस्ट इंडीज. (थ्रेड)

२/ शिवणकाम करणाऱ्या घरात दोन गोष्टी हमखास साठतात. एक, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून राखलेल्या कापडाचे गाठोडे. आणि दोन, सवड मिळाली की पुरे करू म्हणून बाजूला ठेवलेले काम. घरच्यांना दोन्हींची अडचण होते आणि शिवणारीला दोन्हींची टोचणी लागते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र याच दोन गोष्टी लाखमोलाच्या वाटतात. पूर्ण झालेल्या गोधडीच्या पाठीवर अस्तर चढते आणि आतले सारे झाकले जाते. अपुरी गोधडी उघडीच राहते, म्हणून ती वाचता येते.

३/ आधी तिची रचना. युरोप-अमेरिकेतील क्विल्ट आणि मराठी घरातील गोधडी यांचे कूळ एकच. वर एक थर, मध्ये कापूस, लोकर किंवा जुने कापड, खाली अस्तर आणि तिन्ही थर एकत्र धरणारे टाके. वरचा थर अखंड कापडाचा असू शकतो किंवा लहानलहान तुकडे जोडून केलेला असू शकतो. दुसऱ्या प्रकाराला पॅचवर्क म्हणतात. तुकडे जोडून वरचा थर सिद्ध झाला की अर्धेच काम झालेले असते; कापूस पसरणे, अस्तर लावणे आणि सबंध पृष्ठभागावर टाके घालणे अजून बाकी असते. अनेक गोधड्या याच टप्प्यावर थांबलेल्या आढळतात.

४/ षटकोनांची गोधडी करण्याची इंग्लंडमधील रीत मोठी चिकाटीची होती. एका साच्यावरून कागदाचे शेकडो सारखे षटकोन कापायचे. प्रत्येक कागदावर थोडा मोठा कापडाचा तुकडा ठेवून त्याच्या कडा मागे दुमडायच्या आणि कच्चे टाके घालायचे. मग असे दोन षटकोन कडेला कड लावून बारीक तिरक्या टाक्यांनी जोडायचे. कागदामुळे कोन नेमका साधतो, कापड ताणले जात नाही. एखाद्या षटकोनाच्या सर्व बाजू शेजाऱ्यांशी जोडल्या गेल्या की त्याचे काम संपते. मग कच्चे टाके उसवून कागद काढून घ्यायचा.

५/ हे कागद विकत आणलेले कोरे कागद नसत. जुनी पत्रे, दुकानाच्या पावत्या, मुलांच्या वह्या, वर्तमानपत्रे, हिशेबाची पाने, घरात जे रद्दीत निघे त्यालाच कात्री लागे. यात एक विलक्षण चक्र होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील कागद मुख्यतः तागाच्या आणि सुती चिंध्यांपासून बनत असे. फाटके सदरे आणि चादरी चिंध्यावाल्याकडे जात, तेथून कागदाच्या गिरणीत जात आणि पत्राचा कागद होऊन घरी परत येत. ते पत्र जुने झाले की त्याचा षटकोन होई आणि पुन्हा कापडाच्या पोटात जाई.

६/ गोधडी पूर्ण झाली तर हा सारा कागद निघून जातो. काम थांबले तर तो तसाच अडकून राहतो. कच्चे टाके, शिवणीचा खरा धागा, कापडाचा न विटलेला मूळ रंग, मागची दुमड, कागदावरचे अर्धेमुर्धे वाक्य, हे सर्व अपुऱ्या कामातच पाहायला मिळते. शिवाय ते वापरलेलेही नसते. पांघरलेली गोधडी धुतली जाते, उन्हात वाळते, विटते, विरते. अपुरे काम पेटीच्या तळाशी अंधारात राहते. शिवणारीच्या दृष्टीने जे वाया गेले, तेच काळाच्या तावडीतून अधिक चांगल्या अवस्थेत सुटते.

७/ ही रीत किती जुनी? ब्रिटनमधील क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात रेशमी तुकड्यांचे एक आच्छादन आहे. त्याच्या जोडकामातच १७१८ हे वर्ष आणि ई व एच ही आद्याक्षरे गुंफलेली आहेत. ब्रिटनमध्ये वर्ष नोंदलेल्या पॅचवर्कचा हा सर्वांत जुना ज्ञात नमुना. कागदी साच्यांवर शिवण्याचे कसब त्यात पूर्ण विकसित दिसते. म्हणजे परंपरा त्याहून जुनी असली पाहिजे. ई एच ही व्यक्ती आज दोन अक्षरांपुरतीच उरली आहे. पण तिने कामावर वर्ष टाकले, आणि त्या चार अंकांमुळे वस्त्रेतिहासाला एक पक्का खुंटा मिळाला.

८/ तुकड्यांच्या या इतिहासात हिंदुस्थान फार लवकर येतो. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरील रंगीत सुती कापडाने लंडनला वेड लावले. मराठीतील 'छीट' आणि इंग्रजीतील 'चिंट्झ' हे एकाच घराण्यातील शब्द. 'कॅलिको' हे नाव कालिकत बंदरावरून आलेले. धुतले तरी न जाणारे लाल आणि निळे रंग युरोपातील कारागिरांना तेव्हा साधत नव्हते. इंग्लंडच्या कम्ब्रिया परगण्यातील लेव्हन्स हॉल या वाड्यात अशाच हिंदी छिटांच्या तुकड्यांची गोधडी आहे. परंपरेने ती १७०८च्या सुमाराची मानली जाते.

९/ या कापडाने इंग्लिश विणकरांच्या पोटावर पाय आला. १७०० मध्ये इंग्लंडच्या संसदेने हिंदुस्थानातून येणाऱ्या रंगीत व छापील कापडाच्या देशांतर्गत वापरासाठी होणाऱ्या आयातीवर बंदी घातली. तेवढ्याने भागले नाही. १७१९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर चिडलेल्या विणकरांनी छिटाचे कपडे घातलेल्या स्त्रियांवर हल्ले केले, त्यांच्या अंगावरचे झगे फाडले. १७२१च्या कायद्याने तर छापील सुती कापड अंगावर घालणे आणि घरसामानात वापरणे हेच गुन्हा ठरवले. पूर्ण निळ्या रंगाचे कापड आणि मलमल यांना त्यातून सूट होती. फुलांच्या छिटाचा कपटा मात्र आता नुसता कपटा उरला नाही. तो कायद्याने निषिद्ध माल होता.

१०/ ही बंदी १७७४ मध्ये उठली, आणि उठताना अभ्यासकांसाठी एक खूण ठेवून गेली. ब्रिटनमध्ये विणलेले निखळ सुती कापड परदेशी मालापासून वेगळे ओळखू यावे म्हणून त्याच्या काठात तीन निळे धागे विणण्याची सक्ती नव्या कायद्याने केली. ही सक्ती १८११ पर्यंत टिकली. म्हणून जुन्या गाठोड्यातील एखाद्या कपट्याला काठ शिल्लक असेल आणि त्यात तीन निळे धागे दिसले, तर त्या कापडाचा देश आणि साधारण काळ दोन्ही एकदम सांगता येतात. काठ निरुपयोगी म्हणून कापून टाकणाऱ्या शिवणारीने आणि तो जपून ठेवणाऱ्या शिवणारीने इतिहासासाठी किती वेगळे वारसे ठेवले, हे यावरून ध्यानात येते.

११/ जपून ठेवणाऱ्या घरांचे एक उदाहरण अमेरिकेत सापडते. कनेटिकट राज्यातील स्टोनिंग्टन येथे कॉप हे कुटुंब राहत असे. कपड्यांची, कापडांची आणि घरसामानाची त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखण केली आणि १८९०च्या दशकात तो संग्रह स्मिथसोनियन संस्थेकडे आला. त्यातील १७९० ते १८१० या काळातील एका गोधडीत सुती, तागाच्या आणि रेशमी अशा दीडशेहून अधिक वेगवेगळ्या कापडांचे तुकडे आहेत. झगे, सदरे, पडदे यांतून उरलेली ही कातरणे एका घराने काही दशकांत काय नेसले आणि काय पसरले, याची जणू वहीच आहे.

१२/ पण चिंधीला दफ्तराचा खराखुरा दर्जा मिळाला तो लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये. टॉमस कोरम यांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेत १७४१ पासून टाकून दिली जाणारी बालके घेतली जाऊ लागली. आईचे नाव विचारले जात नसे. मूल दाखल झाले की त्याला नवे नाव मिळे. मग पुढे आई परत आली तर मूल ओळखायचे कसे? त्यासाठी बाळाच्या कपड्याचा किंवा आईने दिलेल्या कापडाचा एक तुकडा नोंदीच्या कागदाला टाचून ठेवला जाई. अशा सुमारे ५,००० तुकड्यांसह ती नोंदपुस्तके आजही लंडनमध्ये जतन केलेली आहेत.

१३/ फुलांची छीट, रेघारेघांचे तागाचे कापड, टोपीची फीत, बाहीचा तुकडा. गोरगरीब स्त्रियांच्या अंगावरचे अठराव्या शतकातील साधे कापड इतक्या मोठ्या प्रमाणात ब्रिटनमध्ये अन्यत्र उरलेले नाही; कारण गरिबांचे कापड विरेपर्यंत वापरले जाते आणि मग त्याचा कागद होतो. येथे ते टिकले ते वियोगामुळे. १७४१ ते १७६० या काळात संस्थेने १६,२८२ बालके घेतली. त्यांपैकी केवळ १५२ पुन्हा आपल्या माणसांकडे परत गेली. बाकीचे तुकडे टाचलेल्या जागीच राहिले. त्यांच्या जोडीचा तुकडा घेऊन कोणी आले नाही.

१४/ या पुस्तकांतील एक तुकडा पॅचवर्कचा आहे. कापडाचे वेगवेगळे कपटे जोडून केलेले लहानसे काम, त्यावर लाल धाग्याने भरलेले हृदय आणि एस व सी ही अक्षरे. आणि ते सारे मधोमध कापलेले. सारा बेंडर या स्त्रीने ११ फेब्रुवारी १७६७ रोजी आपला मुलगा चार्ल्स याच्यासोबत ते दिले. संस्थेने मुलाचे नाव बदलले. आठ वर्षांनंतर, १० जून १७७५ रोजी, सारा परत आली आणि आपल्या मुलाला घेऊन गेली. हजारो नोंदींत अशा घटना बोटांवर मोजण्याइतक्या. जाणूनबुजून अपुरे केलेले एक शिवणकाम त्या दिवशी पुरे झाले.

१५/ कापडाच्या साठ्याचे काटेकोर नियोजन कसे होत असे, याचा नमुना एका कैदी जहाजावर मिळतो. एलिझाबेथ फ्राय यांनी लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांसाठी काम सुरू केले. त्यातून उभ्या राहिलेल्या महिला समितीने ऑस्ट्रेलियाला हद्दपार होणाऱ्या कैदी स्त्रियांना शिवणाची पिशवी देण्याचा प्रघात पाडला. पिशवीत अंगुस्तान, कात्री, टाचण्या, १०० सुया, निरनिराळ्या रंगांचे दोरे आणि पॅचवर्कसाठी दोन पौंड, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम, कापडाचे तुकडे असत. महिनोन्‌महिन्यांच्या समुद्रप्रवासात हाताला काम, आणि उतरल्यावर विकण्याजोगे काही गाठीला, हा त्यामागचा हिशेब होता.

१६/ ५ एप्रिल १८४१ रोजी 'राजा' नावाचे जहाज वूलिच येथून १८० कैदी स्त्रियांना घेऊन निघाले आणि १९ जुलै रोजी होबार्टला पोचले. त्या साडेतीन महिन्यांत या स्त्रियांनी २,८१५ तुकड्यांची, सव्वातीन मीटरहून रुंद अशी एक गोधडी सिद्ध केली. तिच्यावर समितीच्या सभासद स्त्रियांना उद्देशून कृतज्ञतेचे शब्द भरलेले आहेत. ती पुढे स्कॉटलंडमध्ये सापडली आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आली. विशेष असे की कापसाचा थर तिच्यात नाही. पांघरण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी ती केली गेली. शिवणाऱ्यांची नावे तिच्यावर नाहीत.

१७/ मुदत होती, देखरेख होती, म्हणून 'राजा' जहाजावरचे काम तडीस गेले. घरात तशी मुदत नसते. शिवणारीचे लग्न होई, ती दूरदेशी जाई, बाळंतपणे येत, नजर मंदावे, मृत्यू येई. फॅशन बदले. १८५०च्या दशकापासून शिवणयंत्र पसरू लागले आणि हाताने शेकडो षटकोन जोडण्याचा धीर कमी झाला. १८८०च्या दशकात रेशमाच्या आणि मखमलीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांच्या 'क्रेझी क्विल्ट'ची लाट आली, तेव्हा आधीचे सुती काम पेटीत मागे पडले. प्रत्येक अपुऱ्या गोधडीत जेथे सुई थांबली, तेथे कोणाच्या तरी आयुष्याने वळण घेतलेले असते.

१८/ अशा कामाचा काळ ठरवायचा कसा? नियम साधा आहे: सर्वांत जुन्या तुकड्याकडे नव्हे, सर्वांत नव्या तुकड्याकडे पाहायचे. गाठोड्यात आजीचे लुगडे आणि नातीचे झबले शेजारी असू शकतात. काम मात्र नातीच्या झबल्याआधीचे असू शकत नाही. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला. तो ज्या तुकड्यात असेल ते काम त्यानंतरचेच. कागदालाही हाच न्याय. मागच्या कागदावर जुने वर्ष आहे म्हणून गोधडी त्या वर्षाची ठरत नाही; एवढेच ठरते की त्यापूर्वी तो कागद कापला गेला नव्हता.

१९/ आता पुन्हा ऱ्होड आयलंडच्या षटकोनांकडे. हे काम मूळचे तेथले नाही. ते दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन बंदरात, हॅसेल आणि सुसान क्राउच या दांपत्याच्या घरी सुरू झाले. सुसान मूळची ऱ्होड आयलंडची. ते काम कधीच गोधडी झाले नाही, म्हणून कागद पोटातच राहिले. लेखिका रेचेल मे यांनी या कागदांचा आणि त्या कुटुंबाच्या कागदपत्रांचा माग काढून २०१८ मध्ये 'ॲन अमेरिकन क्विल्ट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. एका अपुऱ्या शिवणकामातून किती दूरवर जाता येते, याचा तो वस्तुपाठ आहे.

२०/ कागदांवर साखर, रम, पिंपे, वेस्ट इंडीज हे शब्द वारंवार येतात, आणि त्यांच्यासोबत मैत्री, दयाळूपणा, शासन असेही शब्द येतात. पहिल्या गटातील शब्दांना अटलांटिक महासागराचा इतिहास ठाऊक आहे. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमांतून निघालेली साखर आणि काकवी उत्तरेकडे जाई. ऱ्होड आयलंडच्या भट्ट्यांत काकवीची रम होई. रमची पिंपे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात आणि तेथून माणसे विकत घेतली जात. अमेरिकेतून निघणाऱ्या गुलामवाहू सफरींत या चिमुकल्या राज्याच्या जहाजांचा वाटा सर्वांत मोठा होता.

२१/ कापडाची बाजूही तितकीच बोलकी. चार्ल्स्टनच्या मागे पसरलेल्या मळ्यांत गुलाम स्त्री-पुरुष कापूस वेचत. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र आल्यापासून ही लागवड झपाट्याने फैलावली होती. तो कापूस उत्तरेकडील आणि इंग्लंडमधील गिरण्यांत जाई आणि फुलाफुलांचे कापड होऊन मालकिणीच्या गाठोड्यात येई. गुलामांच्या अंगावर मात्र जाडेभरडे, स्वस्त कापड असे. ते विणण्यात ऱ्होड आयलंडच्या गिरण्यांचा हातखंडा होता. त्या राज्यातील पीस डेल येथील हॅझार्ड कुटुंबाचा तो मोठा व्यवसाय होता. उत्तर आणि दक्षिण यांना जोडणारा धागा असा दोन्ही बाजूंनी पिळलेला होता.

२२/ क्राउच कुटुंबाच्या गुलामगिरीत असलेल्या माणसांची नावे कागदपत्रांतून पुढे आली: मिनर्व्हा, इलायझा, जेन, जुबा. ज्या दशकात हे षटकोन शिवले जात होते, त्याच दशकात, १८३४ मध्ये, दक्षिण कॅरोलायनाने गुलामांना लिहिणे-वाचणे शिकवण्यास बंदी करणारा कायदा केला. लिहिणे शिकवण्यावर तर १७४० पासूनच बंदी होती. मालकाच्या घरी लिहिलेल्या कागदाला इतके मोल उरलेले नसे की त्याचे कपटे कापडाखाली जात. आणि त्याच घरातील मिनर्व्हाला त्या कपट्यावरचे एक अक्षर गिरवू देणे हा गुन्हा होता. दया हा शब्दही त्यांत होता.

२३/ ही गोधडी वेळेवर पुरी झाली असती तर? कागद काढून फेकले गेले असते. अस्तर लागले असते. दोन-तीन पिढ्यांनी ती पांघरली असती, आणि कौतुक झाले असते ते टाक्यांच्या नेटकेपणाचे. म्हणूनच जुने अपुरे काम सापडल्यावर ते पुरे करावे की नाही, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. जुन्या वरच्या थराला नवे अस्तर लावून गोधडी करण्याची चाल संग्राहकांत बरीच होती. अशा वस्तूत दोन काळ एकमेकांत मिसळतात. टाके एका शतकाचे, कापड दुसऱ्या शतकाचे. संग्रहालये म्हणून अपुरे ते अपुरेच राखतात.

२४/ राखण्याचेही शास्त्र आहे. तपकिरी आणि काळ्या रंगासाठी लोहक्षार वापरलेले सुती कापड स्वतःच कुजत जाते. इतर तुकडे शाबूत आणि तपकिरी जागी भोके, असे दृश्य जुन्या गोधड्यांत नेहमीचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वजन वाढवण्यासाठी धातूंच्या क्षारांत बुडवलेले रेशीम घडीवर चिरत जाते. त्यामुळे असे कापड घट्ट घडी न घालता आम्लरहित कागदासह गुंडाळून, अंधारात, दमट हवेपासून दूर ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडत नाहीत. धुण्याची घाई करत नाहीत. आणि गाठोडे सोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतात. कारण कोणता तुकडा कोणासोबत बांधलेला होता, हीसुद्धा माहितीच असते. दफ्तरखान्यात रुमालातील कागदांचा मूळ क्रम मोडत नाहीत, तोच हा नियम.

२५/ महाराष्ट्रातील गोधडीच्या पोटात कागद नसतो. तेथे कापडातच कापड असते. विरलेली लुगडी, धोतरे एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ जीर्ण झाली की तिच्यावरच नवे लुगडे चढते, आणि जुनी वाकळ नवीच्या पोटात जाते. तिचा अंत असा होतच नाही. आणखी दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी स्त्रिया तुकड्यांची 'कवंडी' शिवतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. तेथून निसटून ते या रानांत वसले. कवंडीची शिवण कडेकडून सुरू होऊन मध्याकडे जाते, आणि चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे 'फूल' बसल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत.

२६/ चार्ल्स्टन आणि गोवा, दोन्हीकडे माणसे विकली गेली. एकीकडे मालकांच्या अपुऱ्या कामाच्या पाठीशी राहिलेल्या कागदांमुळे काही नावे शोधली गेली. दुसरीकडे त्या माणसांच्या वंशजांनी स्वतःच्या हातांनी फूल लावून काम पुरे केले. कागद असलेल्या घरांचा इतिहास लिहिला जातो. कागद नसलेल्या घरांचा इतिहास बहुधा पेटीच्या तळाशी, कातरणांत आणि अर्धवट टाक्यांत असतो, आणि तो सांगू शकणारे माणूस हयात असेपर्यंतच तो वाचता येतो.

२७/ म्हणून आजीच्या माळ्यावरचे गाठोडे उघडले गेले तर कात्रीआधी वही लागते. हे इरकल कोणाचे, हे खणाचे कापड कोणत्या चोळीतले, हे धोतर कोणाचे, ही बाळलेणी कोणत्या बाळाची, काम कोणी सुरू केले आणि कोणत्या वर्षी थांबले, एवढे लिहून घ्यायचे. मग काम पुढे न्यायचे की तसेच जपायचे, हे ज्या त्या घराने ठरवावे. पुढे न्यायचे ठरले तर जुने टाके उसवू नयेत, नवे टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घालावेत आणि एका कोपऱ्यात पांढऱ्या सुती फितीवर दोघींची नावे व दोन्ही वर्षे भरावीत. ई एच हिने १७१८ मध्ये निदान दोन अक्षरे आणि चार अंक भरले होते. मिनर्व्हाला तेवढेही लिहू दिले गेले नाही.